पाणी गरम कशाने होते? संगमेश्वरचे झरे आणि वर्गातला एक प्रश्न

मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून दक्षिणेकडे निघालो, की संगमेश्वर तालुक्यात आरवली, तुरळ, राजवाडी ही गावे येतात. या तिन्ही गावांत गरम पाण्याचे झरे आहेत. लोक तिथे आंघोळीला येतात, अंगदुखी, त्वचारोग बरा होतो म्हणून येतात, श्रद्धेने येतात आणि शाळांच्या सहलीही येतात. सहलीत मुले पाण्यात हात घालून बघतात, ओरडतात, आणि कुणीतरी विचारतेच, “सर, पाणी गरम का?”

याचे उत्तर बहुतेक वेळा तयार असते : “जमिनीत गंधक आहे म्हणून.” मी हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारला आहे, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही. गंधकाचे उत्तर पहिल्या क्रमांकावर असते. दुसऱ्या क्रमांकावर “खाली ज्वालामुखी आहे” हे. दोन्ही उत्तरे ऐकायला शास्त्रीय वाटतात, त्यामुळे प्रश्न तिथेच संपतो. पण ही उत्तरे खरी आहेत का, हे शाळेतल्या साधनांनी आणि साध्या गुणाकार-भागाकाराने तपासता येते. या लेखात आपण तेच करणार आहोत.

झऱ्यांची रांग

आधी थोडा भूगोल. असे झरे फक्त संगमेश्वरात नाहीत. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर लांबीत ते विखुरलेले आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीचे झरे सर्वांना माहीत असतात. पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातले उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे यांची नावेच बोलकी आहेत. ‘ऊन’ म्हणजे गरम. आपल्याकडे ऊन पाणी, ऊन भात म्हणतात, तोच हा शब्द. गावाला नाव देणाऱ्यांनी तापमापी न वापरता नेमकी नोंद करून ठेवली आहे.

नकाशावर या ठिकाणी टिंबे काढली, तर ती किनाऱ्याला साधारण समांतर अशा पट्ट्यात येतात. झरे वाटेल तिथे फुटत नाहीत, त्यांची एक रेघ आहे, ही पहिली महत्त्वाची खूण. मुलांकडून हा नकाशा जरूर काढून घ्यावा. रेघ दिसली की “इथेच का?” हा प्रश्न आपोआप येतो.

प्रकाशित नोंदींत तुरळच्या झऱ्याचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास, राजवाडीचे त्याहून थोडे कमी आणि आरवलीचे ४० अंशांच्या आसपास दिलेले आढळते. पण हे आकडे आधी फळ्यावर लिहू नयेत. मुलांनी मोजू द्यावेत, मग ताडून पाहावेत.

हात आणि तापमापी

मोजण्याआधी एक छोटा प्रयोग. तीन भांडी घ्या : एकात थंड, दुसऱ्यात सोसेल इतके गरम, तिसऱ्यात कोमट पाणी. एक हात थंड पाण्यात, दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवा. मग दोन्ही हात कोमट पाण्यात घाला. एक हात म्हणतो पाणी गरम आहे, दुसरा म्हणतो गार आहे.

हेच कोकणातल्या विहिरीच्या बाबतीत घडते. थंडीत पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते, वैशाखात तेच गारेगार वाटते. तापमापी लावली तर दोन्ही वेळी आकडा फारसा बदललेला नसतो, २६ ते २८ अंशांच्या जवळपास असतो. जमिनीखाली काही मीटर गेले की दिवस-रात्र आणि उन्हाळा-हिवाळा यांचा परिणाम जवळजवळ संपतो आणि त्या भागाचे वर्षभराचे सरासरी तापमान तेवढे उरते. तेव्हा ‘साधे भूजल २७ अंश’ ही आपली तुलनेची पायरी. तुरळचे पाणी ६० अंश असेल, तर आपल्याला ३३ अंशांच्या वाढीचा हिशेब लावायचा आहे.

पहिले उत्तर : गंधक

गंधकाचे उत्तर मूर्खपणाचे नाही, हे आधी लक्षात घेऊ. काही गरम झऱ्यांवर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास आणि उष्णता एकत्र आढळतात, म्हणून एक दुसऱ्याचे कारण असणार, असा तो तर्क आहे. दोन गोष्टी सोबत दिसल्या की त्यांत संबंध शोधणे ही विज्ञानाची सुरुवातच आहे. चूक होते ती पुढची तपासणी न केल्याने.

तपासणी एक. प्रयोगशाळेतली चमचाभर गंधकाची भुकटी चंचुपात्रातल्या पाण्यात टाकून ढवळा. तापमान आधी आणि नंतर मोजा. काही फरक पडत नाही. गंधक पाण्यात विरघळतही नाही. (गंधक तापवू किंवा जाळू नये, निघणारा वायू घातक असतो.)

तपासणी दोन. वास आला की पाणी गरम, असा नियम असेल तर तो सगळीकडे लागू पडला पाहिजे. खाडीकाठी ओहोटीच्या वेळी कांदळवनातला काळा चिखल काठीने उकरून पाहा. तोच वास येतो, पण चिखल थंडगार असतो. उलट, वास जवळजवळ नसलेले गरम झरेही असतात. वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा असतो. पाण्यातल्या सल्फेटसारख्या क्षारांपासून, ऑक्सिजन नसलेल्या जागी, काही जिवाणू तो तयार करतात. खोलवर खडकांशी होणाऱ्या रासायनिक क्रियांतूनही तो येऊ शकतो. आपल्या नाकाला तो अत्यंत कमी प्रमाणातही कळतो. म्हणजे वास खरा आहे, पण उष्णतेशी त्याचे नाते कारणाचे नाही.

तपासणी तीन, हिशेबाची. काही जण म्हणतील, गंधक खाली जळत असेल. समजा, एका झऱ्यातून सेकंदाला १ लिटर पाणी येते. ते ३३ अंशांनी तापवायला सेकंदाला ३३ किलोकॅलरी लागतात. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे दिवसाला साधारण २८ लाख ५० हजार किलोकॅलरी. एक किलो गंधक पूर्ण जळले तर सुमारे २,२०० किलोकॅलरी उष्णता मिळते. भागाकार करा : रोज सुमारे १,३०० किलो गंधक जळायला हवे! वर्षाला पावणेपाचशे टन. आणि त्यासाठी लागणारी हवा जमिनीच्या पोटात कुठून येणार? शिवाय त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडने पाणी कमालीचे आम्ल झाले असते. निळा लिटमस कागद घेऊन झऱ्यावर जा, तो काय सांगतो ते पाहा.

चुना भिजवताना पाणी उकळते, हे मुलांनी पाहिलेले असते. तेव्हा “मग चुन्यासारखे काही असेल” हीही शंका येईल. आली तर शाबासकी द्या. पण चुना एकदाच भिजतो. अशा एका झऱ्यासाठी रोज दहा टन नवा कळीचा चुना लागेल. रासायनिक इंधनावर चालणारी चूल शतकानुशतके एकाच धगीने जळत नाही.

दुसरे उत्तर : ज्वालामुखी

हे उत्तर अधिक मोहक आहे, कारण कोकणचा काळा खडक, बेसॉल्ट, खरोखरच लाव्हारसापासून बनला आहे. मग त्या वेळची धग अजून शिल्लक नसेल?

दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला. आता तापलेला खडक थंड व्हायला किती वेळ लागतो ते पाहू. खडकातून उष्णता फार हळू वाहते. १ मीटर जाडीच्या थराला निवायला ढोबळमानाने १२ दिवस लागतात. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट होतो, कारण उष्णता दुप्पट असते आणि तिला वाटही दुप्पट चालायची असते. म्हणजे वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० मीटरला १,२०० दिवस. आणि १० किलोमीटर, म्हणजे १०,००० मीटर जाड तप्त गोळा असेल तर? १२ ला १० कोटींनी गुणा. १२० कोटी दिवस, म्हणजे सुमारे ३३ लाख वर्षे. इतका अवाढव्य साठा गृहीत धरला तरी तो विझून जाऊन त्याच्या वीसपट काळ लोटला आहे. सह्याद्रीच्या जन्माची धग कधीच संपली.

आइसलँडमध्ये किंवा जपानमध्ये गरम झऱ्यांखाली आजचे, जिवंत ज्वालामुखी आहेत. तिथे हे उत्तर बरोबर आहे. पण इंग्लंडमधल्या बाथ या गावी ४५-४६ अंशांचे झरे रोमन काळापासून प्रसिद्ध आहेत आणि तिथे आसपास ज्वालामुखी नाही. संगमेश्वरचे झरे बाथच्या जातीचे.

तिसरे उत्तर : खोली

मग उष्णता येते कुठून? जमिनीच्या खोल पोटातून, आणि ती सगळीकडे आहे. संगमेश्वराखाली आहे तशी सोलापूराखालीही आहे. तिचा काही भाग पृथ्वी घडताना साठलेला आहे आणि काही भाग खडकांतल्या युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून सतत तयार होतो. म्हणून खाली जावे तसे तापमान वाढते. ठिकाणाप्रमाणे हा दर बदलतो. भूखंडांवर तो साधारणपणे दर किलोमीटरला २० ते ३० अंश असतो, फार जुन्या खडकांत त्याहूनही कमी. २००१ साली बंद झालेली कोलारची सोन्याची खाण सुमारे ३.२ किलोमीटर खोल होती. तिच्या तळाशी खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर असे आणि कामगारांसाठी थंड हवा खाली सोडावी लागे.

३३ अंशांची वाढ हवी असेल, तर २० ते ३० अंशांच्या दराने पाणी किमान ११०० ते १६५० मीटर खोल जाऊन आले पाहिजे. वर येताना ते थोडे निवतेच, तेव्हा प्रत्यक्षात याहून खोल. पाण्यात विरघळलेल्या सिलिकासारख्या क्षारांवरून खोलवरच्या तापमानाचा अंदाज करता येतो. कोकणातल्या झऱ्यांसाठी असे अंदाज १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून वरचे येतात.

पाणी मात्र आपलेच, पावसाचे. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जड समस्थानिकांचे प्रमाण तपासून ते ओळखता येते. समुद्राकाठच्या काही झऱ्यांत खाऱ्या पाण्याचाही अंश सापडतो. संगमेश्वर भागात वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतांश शास्त्री नदीवाटे समुद्राला मिळतो, थोडा मुरतो, आणि त्यातलाही अगदी थोडा खडकातल्या खोल भेगांत उतरतो. सह्याद्रीच्या पलीकडे कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे येथे २०१७ साली ३ किलोमीटर खोल विंधनविहीर पूर्ण झाली. तिथे सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. पाण्याला इतके खाली उतरायचे आणि फारसे न निवता वर यायचे, तर मोठ्या, खोल, उभ्या भेगाच हव्यात. अशा भेगा किनाऱ्याला समांतर पट्ट्यांत आहेत. झऱ्यांची रांग का, याचे उत्तर इथे मिळते. उष्णता सगळीकडे आहे, वाट थोड्याच ठिकाणी आहे.

पाणी वर का चढते? दोन कारणे. ते मुरते उंच जागी आणि बाहेर पडते सखल जागी, इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या नळीतल्यासारखे. आणि गरम पाणी हलके असते. शाईच्या छोट्या बाटलीत रंगीत गरम पाणी भरून ती थंड पाण्याच्या बरणीच्या तळाशी उघडी ठेवा. रंगाचा धूर वर चढताना दिसेल.

हिशेब इथेही करू. आधी गंधकाचा पाडाव हिशेबाने केला, तर खडकालाही तीच परीक्षा हवी. १ घन किलोमीटर खडकाचे वस्तुमान सुमारे २८ हजार कोटी किलो, म्हणजे २.८ ला १० च्या बाराव्या घाताने गुणून येते तेवढे, असे मुले लिहितील तेव्हा त्यांना शून्ये मोजायला लावा. घनता २,८०० किलो प्रति घनमीटर आणि १०० कोटी घनमीटर, गुणाकार येतो २ लाख ८० हजार कोटी किलो. ‘२८ हजार कोटी’त एक शून्य कमी पडते आणि असे शून्य निसटले की निष्कर्ष दहापट चुकतो. खडकाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या एक पंचमांश. तेव्हा हा खडक फक्त १ अंशाने निवला तर ५६ हजार कोटी किलोकॅलरी मिळतात. आपल्या झऱ्याचा खर्च रोजचा २८.५ लाख. म्हणजे सुमारे १ लाख ९६ हजार दिवस, पाचशेहून अधिक वर्षे! शिवाय खालून भर पडतच असते. दर चौरस मीटरला सुमारे ०.०५ वॉट एवढीच, पण सतत. आपल्या झऱ्याला लागतात १३८ किलोवॉट, म्हणजे जेमतेम तीन चौरस किलोमीटरमधून वर येणारी उष्णता पुरते.

झऱ्यावर जाताना

साधने थोडी लागतात : ० ते ११० अंशांची प्रयोगशाळेतली तापमापी, मोजलेली बादली, सेकंदकाटा असलेले घड्याळ, लिटमस, साबण, स्वच्छ बाटल्या. ताप मोजायचा थर्मामीटर वापरू नये, तो ४२ अंशांपुढे जात नाही आणि फुटतो. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते, मुलांची तर लवकरच. म्हणून उगमाशी शिक्षकांनीच तापमापी धरावी, मुलांनी वाचावी. ही आंघोळीची आणि श्रद्धेची ठिकाणे आहेत. आधी गावकऱ्यांशी बोलावे. ते बहुधा मदतच करतात, आणि “पूर्वी पाणी जास्त होते का?” हा प्रश्न त्यांनाच विचारायचा असतो.

तिथे काय करता येईल? उगमाशी, कुंडात आणि ओहोळात दहा पावलांवर तापमान घ्यावे. बादली भरायला लागणारा वेळ तीनदा मोजून सरासरी काढावी, म्हणजे ‘सेकंदाला १ लिटर’ या आपल्या गृहीतकाच्या जागी खरा आकडा येईल. झऱ्याचे आणि विहिरीचे पाणी घेऊन साबणाचा फेस किती होतो ते पाहावे. दोन्हींचे प्रत्येकी १ लिटर पाणी शाळेत आटवून उरलेला क्षार तोलावा.

मुख्य म्हणजे जाण्याआधी वर्गात तिन्ही उत्तरे फळ्यावर लिहून, प्रत्येकाखाली “हे खरे असेल तर आपल्याला काय दिसेल?” हे लिहून घ्यावे. मुलांच्या मनात आधीपासून असलेल्या कल्पना नुसत्या सांगण्याने बदलत नाहीत, हे १९८० च्या दशकात लीड्स विद्यापीठात रोझालिंड ड्रायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून जगभरच्या शिक्षकांपुढे आले. मूल नवे उत्तर परीक्षेपुरते पाठ करते आणि जुने मनात जपते. ते बदलायचे, तर जुन्या कल्पनेने केलेले भाकीत मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी चुकताना पाहावे लागते. आपल्या देशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून २००२ पर्यंत साध्या ग्रामीण शाळांत प्रयोगातून शिकणे चालवून दाखवले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकातच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात शाळांबरोबर काम केले. संगमेश्वरच्या मुलाच्या घराजवळ असा झरा असताना त्याने “गंधकामुळे” एवढेच लिहून गुण मिळवावेत, हे नुकसान एका चुकीच्या उत्तराहून मोठे आहे. आपल्या गावाबद्दलही विचार करायचा नसतो, पाठ करायचे असते, हा धडा त्यातून पक्का होतो.

एक प्रश्न, करून पाहण्यासाठी

शेवटी दहावी-अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकल्प. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले असे स्थानिक विषय मांडत आली आहेत.

तुरळ आणि आरवली एकमेकांपासून काही किलोमीटरवर. मग एक झरा ६० अंशांचा आणि दुसरा ४० चा का? एक शक्यता अशी की दोन्हींचे खोलवरचे पाणी सारखेच आहे, पण आरवलीला ते वर येताना २७ अंशांच्या साध्या भूजलात मिसळते. तसे असेल तर दर १० लिटरमध्ये गरम पाणी किती? वाढ १३ अंश, पूर्ण वाढ ३३ अंश. १३ भागिले ३३, म्हणजे सुमारे ४ लिटर. दुसरी शक्यता अशी की मिसळ काहीच नाही, पाणी हळू वर येताना वाटेत निवते.

या दोन शक्यतांत निवड कशी करायची? क्षार तोलून. पाणी निवले तरी त्यातले मीठ कमी होत नाही, मिसळले तर होते. साध्या विहिरीच्या पाण्यातला क्षार वजा करून, आरवलीचा क्षार तुरळच्या चार दशांशाच्या आसपास आला तर पहिली शक्यता बळावते. जवळजवळ तेवढाच आला तर दुसरी. भलताच आकडा आला, तर दोन्ही झऱ्यांचे खोलवरचे पाणीच वेगळे असेल, आणि मग खरी गंमत सुरू होते.

हीच मोजमापे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला करून एका वहीत लिहिली, तर पावसाळ्यात काय होते तेही कळेल. ती वही पुढच्या वर्षी पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. भूकंपानंतर झऱ्यांचे पाणी आणि तापमान बदलल्याची उदाहरणे जगात अनेक आहेत, आणि १९६७ च्या भूकंपाचे कोयना इथून डोंगरापलीकडेच आहे. असा बदल ओळखता येतो तो ज्यांच्याजवळ आधीच्या वर्षांची वही आहे त्यांनाच.